चार वाजताचे पाहुणे

इंदूअक्का भुतांना चहाच्या वेळी बोलवायच्या. दुपारी चार ते साडेपाच. अमावस्या, स्मशान, लिंबू, कवटी असल्या प्रकारांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "रात्री माणसाला झोप पायजे," त्या म्हणायच्या, "आणि गेलेल्यांना पण. दिवसभर कोण न् कोण आठवणी काढून त्यांना परेशान करतंय. रात्री तरी सोडा बिचाऱ्यांना."

परवा हैदराबादहून, अंबरपेठच्या रेखावहिनींचा फोन आला. अक्का गेल्या. जेवून आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. मी पुण्यात स्वयंपाकघरात उभी होते. फोन ठेवल्यावर आधी डोक्यात आलं ते हे, की आता कोणीतरी अक्कांनाच प्लँचेटच्या वाटीवर बोलवणार, आणि त्या तिथून त्या माणसाचं शुद्धलेखन तपासणार. मग मात्र ओट्याला टेकून मी चांगली रडले.

मी त्यांची भाडेकरू. कंपनीनं हैदराबादला पाठवलं तेव्हा माधापूरच्या काचेच्या इमारती सोडून मी बरकतपुऱ्यात घर शोधलं, कारण तिथं मराठी माणसं राहतात असं कळलं होतं. राहत होती. पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकऱ्या, मास्तरकी नाहीतर वकिली केलेली, बोलण्यात अर्धं उर्दू आणि पाव तेलुगू मिसळणारी, आणि पुणेकर तोंड उघडायच्या आतच त्याला माफ करून टाकणारी. अक्का खाली राहत, मी वर. घर दाखवण्याआधी त्यांनी माझी मुलाखत घेतली. लग्न झालंय का, मांसमच्छी करतेस का, पाणी किती लागतं, वगैरे. शेवटचा प्रश्न होता, "तुझे कोण गेलेत?"

पुण्यात घरमालक पगार विचारतो, जात आडून आडून विचारतो. मेलेल्यांची चौकशी करणारी घरमालकीण मला नवीन होती. मी म्हणाले, "वडील."

"बोलतात का?"

"नाही."

"तू विचारलं नसशील," असं म्हणून त्यांनी किल्ली दिली. आणि जाता जाता सांगितलं, "जिन्याच्या वळणावर भिंतीकडून चालू नक्को. तिथं एक म्हातारी बसती. काही करत नाही. पण पाय लागला की तिला वाईट वाटतं."

मी मनात पुष्कळ हसले. आणि तिथं राहिले तितकी वर्षं कठड्याच्या बाजूनंच चढले. सामान घेऊन येणाऱ्या पोरांनाही "भय्या, जरा इधर से" म्हणायला लागले होते. फक्त एकदा, एका हातात भाजीची पिशवी आणि कानाला फोन, अशी घाईत भिंतीकडून गेले. वळणावर कोणीतरी माझ्या कुर्त्याचा काठ धरला. ओढला नाही, नुसता धरला, आपण ओळखीच्या माणसाला थांबवायला धरतो तसा. वळून पाहिलं तर कोणी नाही. दुसऱ्या दिवशी उजेडात मी ती भिंत हात फिरवून तपासली. खिळा नव्हता, खिळ्याचं भोकही नव्हतं. संध्याकाळी अक्का पारिजातकाला पाणी घालताना म्हणाल्या, "म्हातारी म्हणायली, पोरगी भली आहे, पण घाई फार." मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.

दिसायला अक्का अगदी साध्या. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडी, केसांचा सुपारीएवढा अंबाडा. त्या एका मराठी शाळेत पहिलीच्या बाई होत्या. बरकतपुऱ्यातल्या आणि काचीगुड्यातल्या कित्येक टकल्या, पोट सुटलेल्या माणसांना त्यांनी हात धरून अक्षरं गिरवायला लावली होती. पुढं शाळेला मुलं मिळेनात, शाळा बंद झाली. पण अक्कांची बाईगिरी काही बंद झाली नाही. रस्त्यावर एखादी पाटी चुकीची दिसली की दुकानात शिरून सांगायच्या. तेलुगू दुकानदारालासुद्धा.

त्यांचं प्लँचेट म्हणजे कॅरमबोर्डाची उलटी बाजू. तिच्यावर कडेनं अ पासून ज्ञ पर्यंत मुळाक्षरं, मधे काना, मात्रा, वेलांट्या, सगळं त्यांनी स्वतः रंगानं काढलेलं. बोर्डावर पावडर टाकायची, चटणीची स्टीलची वाटी उपडी ठेवायची आणि तिच्यावर सगळ्यांनी एकेक बोट टेकवायचं. वाटी सरकत एकेका अक्षराशी थांबायची, अक्का मोठ्यानं वाचायच्या. येणाऱ्यानं गेलेल्या माणसाला आवडायचा तो जिन्नस आणायचा. कोणी जिलेबी आणी, कोणी मिरचीची भजी, एक गृहस्थ आईसाठी बेगम बाजारातून ताजी बडीशेप आणायचे. तो जिन्नस बशीत वाढून बोर्डाशेजारी ठेवायचा, आणि मग अक्का अर्धा तास नुसतं विचारत बसायच्या. कसे बसायचे? हसताना आवाज यायचा का? रागावले की बोलायचे की गप्प व्हायचे? घर, प्लॉट, सोनं यांविषयी विचारायला सक्त मनाई होती. "मेल्यावर पण माणसाला कचेरीत बसवायचं का?" म्हणायच्या.

मला पहिल्यांदा वाटलं, हीच तर मेख आहे. अर्ध्या तासात बाई सगळी माहिती काढून घेते, मग वाटी काय वाटेल ते सांगेल. पण अक्कांकडं बघितलं की हा संशय टिकायचा नाही. वाटी हलली की त्यांचा चेहरा, पोस्टमन आल्यावर एखाद्या बाईचा होतो तसा व्हायचा. त्या फसवत नव्हत्या, एवढं मी शपथेवर सांगेन. आणि भुतांशी बोलायची त्यांची तऱ्हा पहिलीच्या वर्गात बोलायची होती. एकदा कोणाच्या तरी मामांनी 'आशिर्वाद' लिहिलं. अक्कांनी वाटी तिथंच अडवली. "शी दीर्घ. परत." वाटी गुमान मागं गेली आणि दीर्घ वेलांटीवर जाऊन थांबली. मी हसू दाबायला पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडात कोंबली.

"भुतं वाईट नसतात गं," त्या एकदा म्हणाल्या, "विसराळू असतात. एकच गोष्ट धरून बसतात. आपण सांगायचं, मग जातात."

त्यांच्याकडं असा एक विसराळू वरचेवर यायचा, न बोलावता. कोणाचीही बैठक चालू असो, मधेच वाटी वेगळीच चालायला लागायची, जड, अडखळत, आणि लिहायची, 'गाडी गेली का'. अक्का म्हणायच्या, "गेली बाबा, केव्हाच गेली. जा आता." वाटी क्षणभर थांबायची आणि मग पहिला पाहुणा परत यायचा. काचीगुडा स्टेशन जवळ आहे, तिथलाच कोणी असेल, असं अक्कांचं मत.

माझ्या ऑफिसात हृषीकेश म्हणून एक पुण्याचा मुलगा होता. 'तुझ्या घरमालकिणीची भुतं दाखव ना' म्हणून मागं लागला होता. एका शनिवारी आला. कोणाला बोलवायचं विचारलं तर म्हणे कोणालाही, जो मोकळा असेल तो. अक्कांना ते आवडलं नाही, पण बसल्या. बोट टेकल्याबरोबर वाटी निघाली. 'गाडी गेली का.' अक्का म्हणाल्या, गेली. वाटी परत लिहायला लागली. 'मग हा'. तिथून सरळ हृषीकेशच्या समोर बोर्डाच्या कडेशी गेली आणि थांबली. त्यानं दचकून बोट काढलं. मीही काढलं. अक्कांचं एकच बोट वाटीवर होतं, आणि वाटी त्याच्या समोर थरथरत होती, पावडरीत बारीक रेघा उठत होत्या.

हृषीकेशचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "माझे आजोबा. मनमाडहून आम्ही सगळे इकडं हैदराबादला लग्नाला येत होतो, मी अगदी लहान होतो. मधल्या कुठल्यातरी स्टेशनवर आजोबा पाणी भरायला उतरले. गाडी सुटली. ते परत कधी सापडलेच नाहीत. घरी हे कोणी बोलत नाही. मी ऑफिसात कोणालाच सांगितलेलं नाही." हे शेवटचं वाक्य तो माझ्याकडं बघून म्हणाला.

"तूच सांग त्यांना," अक्का म्हणाल्या.

तो लहान मुलासारखा वाकून वाटीला म्हणाला, "हो आजोबा. गेली गाडी. आम्ही सगळे नीट पोचलो."

वाटी थांबली. त्यानंतर तो प्रश्न कधी आला नाही. माझ्या अंगावर मात्र पुढं कित्येक दिवस, स्टेशनवरून शिट्टी ऐकू आली की काटा यायचा.

पाहुणे गेले की बशीतलं उरलेलं अक्का मला द्यायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. ते दार नीट लागायचं नाही. एकदा मी बशी परत द्यायला गेले तर त्या एकट्याच बोर्डाशी बसलेल्या, वाटीवर बोट, आणि हसत होत्या. वाटी गिरक्या घेतल्यासारखी भराभर फिरत होती. "दूध नको म्हणायली," त्या मला पाहून म्हणाल्या. "रोजचंच आहे. वंदू माझी."

भिंतीवरच्या फोटोत झालरीचा फ्रॉक घातलेली, कपाळावर केस आलेली एक लहान मुलगी होती. अक्कांची एकुलती एक. तापाचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत गेली. पुढं यजमानही गेले. पण अक्का एकट्या आहेत असं कधी वाटलंच नाही, कारण त्या एकट्या नव्हत्या. रोज साडेपाचनंतर वंदू यायची. आई काय केलंस, आई दूध नको, आई ती बाई का रडत होती. सगळ्या गावाची भुतं त्या कर्तव्य म्हणून बोलवत असतील, पण जगत होत्या त्या या पंधरा मिनिटांवर. हे मला त्या दिवशी कळलं आणि वाटीविषयी मी पुन्हा कधी थट्टा केली नाही.

रेखावहिनी दर गुरुवारी यायच्या. त्यांचा अनिकेत मोटारसायकलवरून गेला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना दोघांनी धरून आणलं होतं. अनिकेतला बेकरीतलं दिलखुश आवडायचं, ते आणायच्या. वाटीवर तो मोठं काही बोलायचा नाही. 'आई जेवलीस का.' 'गुडघा कसा आहे.' 'रडू नको.' हळूहळू वहिनी एकट्या यायला लागल्या, मग वेणी घालून यायला लागल्या. एकदा म्हणाल्या, "काल पोळ्या केल्या अक्का. तो विचारतो ना, म्हणून."

एका गुरुवारी त्यांच्याबरोबर धाकटी श्रुती आली. कॉलेजात जाणारी, बारीक, गंभीर मुलगी. तिनं बोट टेकवलं नाही, बाजूला बसून बघत राहिली. वाटी लिहीत होती, अक्का वाचत होत्या, 'आई डॉक्टरकडे जा'. श्रुती एकदम म्हणाली, "अज्जी, सॉरी, पण एक विचारू? दादा हे कसं काय लिहायलाय?"

"म्हणजे?"

"दादाला मराठी वाचायलाच येत नव्हतं. आम्ही दोघं पण इंग्लिश मीडियम, सेकंड लँग्वेज तेलुगू. मम्मीनं फोनवर मराठीत मेसेज टाकला तर तो मला पाठवायचा, 'क्या लिखा है बोल ना' म्हणून. त्याला अ पण ओळखू यायचा नाही, अज्जी. प्रॉमिस." तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. तिलाही तिचा भाऊ हवा होता.

रेखावहिनी हळूच म्हणाल्या, "तिकडं शिकला असंल. वेळ असतो की तिकडं." आणि त्यांनी वाटीवर बोट आणखी दाबून धरलं. श्रुती रडायला लागली.

मी अक्कांकडं बघितलं. त्या रेखावहिनींकडं बघत नव्हत्या, श्रुतीकडंही नाही. त्या भिंतीवरच्या फोटोकडं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता दाराला कुलूप. त्यानंतर रोज. लोक यायचे, मला विचारायचे, अक्का बाहेरगावी गेल्यात म्हणून मी सांगायची. त्या घरातच असायच्या, मागच्या दारानं ये-जा करायच्या. बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला होता, अक्षरं भिंतीकडं. शेवटी मी सांज्याची बशी घेऊन मागच्या दारानं शिरले. अक्का जमिनीवर बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आत बोलायला लागल्या.

"बासरला न्यायचं ठरलं होतं. वसंत पंचमीला. सरस्वतीच्या देवळात अक्षराभ्यास करायचा म्हणून. सासऱ्यांनी सांगितलं होतं, तिथं नेल्याशिवाय पोरीच्या हातात पाटी द्यायची नाही. आमच्या घराण्यात तसंच आहे. मी पहिलीची बाई. सगळ्या गावच्या पोरांना शिकवायचे. घरी ती मागं लागायची, आई मला पण. मी म्हणायचे, बासरहून आल्यावर. पंचमीच्या आधीच गेली." त्यांनी बोर्डाकडं बघितलं. "तिला एक अक्षर येत नव्हतं गं. एक पण. आणि मी इतकी वर्षं तिच्याशी वाटीवर बोलायलेय."

मी म्हणाले, "पण अक्का, ते गाडीवाले आजोबा? ते तर तुम्हाला माहीतही नव्हते."

"ते पोस्टात तारमास्तर होते. त्या पोरानं जाताना सांगितलं. त्यांना लिहिता येत होतं." अक्कांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "ते खरे होते. मामा खरे असतील. ज्यांना येत होतं ते सगळे खरे असतील. अनिकेत नव्हता. आणि वंदू नव्हती. त्या दोघांचं माझ्या बोटानं लिहिलं."

लोकांची भुतं खरी, आणि नेमकं आपलंच खोटं. मी तिथंच बसून राहिले. सांजा गार झाला. मग त्या म्हणाल्या ते मात्र मला अजून झोपू देत नाही.

"ती इथंच असंल. जाईल कुठं? एवढीशी आहे. इथं बसून बघत असंल रोज, की आई माझं नाव घेऊन कुणाशी बोलायली. तिला सांगता पण यायचं नाही, की आई, ती मी नव्हं."

इतकं होऊनही आधी त्यांनी रेखावहिनींना बोलावून घेतलं. समोर बसवलं आणि सांगितलं, "रेखा, तो नव्हता. मीच लिहिलं. मुद्दाम नाही, पण मीच." मी दारात होते. मला वाटलं, ही बाई आता पुन्हा कोसळणार. रेखावहिनी म्हणाल्या, "जेवलीस का म्हणून तर कुणीतरी विचारलं ना, अक्का? मी जेवत होते." पुढच्या गुरुवारी त्या परत आल्या, दिलखुश घेऊन. बोर्ड काढला नाही. दोघी नुसत्या अनिकेतविषयी बोलत बसल्या. श्रुतीही कधीकधी यायची आणि आईला माहीत नसलेल्या त्याच्या उचापती सांगायची. हसायच्यासुद्धा.

वसंत पंचमी जवळ आली तशी अक्कांनी मला विचारलं, "तुझी गाडी बासरपर्यंत जाईल का?"

पहाटे निघालो. मी पुढचं दार उघडून धरलं, तर म्हणाल्या, मागं बसते. मागच्या सीटवर डब्यांची पिशवी होती, ती त्यांनी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि शेजारची जागा मोकळी केली. वाटेत दोनदा काच वर करायला सांगितली. त्यांच्या बाजूची नाही, पलीकडची. मी आरशात बघायचं टाळलं, हे कबूल करते. पुण्याचं सगळं विज्ञान त्या आरशापाशी येऊन थांबलं होतं.

देवळात ही गर्दी. मंडपात आईबाप मुलांना मांडीवर घेऊन रांगेनं बसलेले, प्रत्येकापुढं नवी पाटी. कोणाचं मूल झोपलेलं, कोणी खडू खातंय, कोणी भोकाड पसरलेलं. पुजारी एकेकापुढं बसून मुलाचा हात मुठीत धरत आणि पाटीवर अक्षर काढून घेत पुढं सरकत होते. अक्का नवी इरकल नेसल्या होत्या. मांडी घालून बसल्या, समोर पाटी ठेवली. शेजारची तरुण आई त्यांच्या रिकाम्या मांडीकडं बघून जरा सरकली.

पुजारी आला. तरुणच होता, घामाघूम झालेला, सकाळपासून तेच काम करत असणार. त्यानं सवयीनं हात पुढं केला आणि थबकला. "पाप एदम्मा?" बाळ कुठं आहे?

"उंदि," अक्का म्हणाल्या. आहे. "मीरु रायिंचंडि." तुम्ही लिहून घ्या.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मागून कोणीतरी ओरडलं, लवकर करा. मला वाटलं, हा आता उठवणार. त्यानं अक्कांच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग खडू घेतला. अगदी वरच्या टोकाला चिमटीत धरला, खाली एका लहान मुठीएवढी जागा सोडून, आणि मंत्र म्हणत सावकाश, बाकीच्या मुलांपेक्षा जास्तच सावकाश, पाटीवर अक्षर काढलं. ओळ वाकडी आली. अक्का ओठ हलवत होत्या. उठताना, तो प्रत्येक आईबापाला सांगत होता तेच त्यानं त्यांनाही सांगितलं, की घरी रोज लिहून घ्या.

"अलागे," अक्का म्हणाल्या. बरं.

त्यानंतर काही महिन्यांनी माझी पुण्याला बदली झाली. सामान आधीच गेलं होतं. निघायच्या दिवशी टॅक्सी फाटकाशी उभी होती आणि मी किल्ली द्यायला खाली गेले. चार वाजून गेले होते. दार उघडंच होतं. टेबलाजवळ दोन खुर्च्या होत्या. एकीवर अक्का, आणि दुसरीवर दोन उशा एकावर एक, टेबलापर्यंत हात पोचावा म्हणून. पाटी त्या खुर्चीसमोर होती. अक्का वाकून, हात लांब करून तिच्यावर लिहीत होत्या.

"अक्का, निघते मी."

त्यांनी मान वर केली नाही, नुसता हात वर केला. "थांब जरा. 'ई' जमेना तिला. रडकुंडीला आलीय."

मी उंबऱ्यात थांबले. बाहेर ड्रायव्हर हॉर्न देत होता. अक्कांनी पाटी पदरानं पुसली, परत त्या खुर्चीसमोर सरकवली आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "असू दे, बाळ. घाई नक्को. आईनंच उशीर केला."